भिंत प्रकारातली बाई

"बाई, तुमच्या मिस्टरांशी बोलणं झालं माझं. मनाला लावून घेऊ नका. नव्या शाखेचं मी उद्या सकाळी धाकटीला विचारतो," असं कृत्रिम दात बनवणाऱ्या लॅबचे मालक जाता जाता म्हणाले, आणि तिने मान हलवली. नुसती हलवली नाही, वर ‘हो हो, बरोबर आहे’ असंही म्हणाली. तिच्या डाव्या हातातल्या चिमट्यात कुणाचा तरी पुढचा दात होता. अजून भट्टीत न गेलेला, ओल्या पावडरचा, ज्याच्यावर जोरात श्वास पडला तरी कड ढासळते असा. म्हणून तिने श्वास रोखून धरला होता, आणि मालकांना वाटलं असणार की बाईंना सगळं ठाऊक आहे, बाई आतून सावरून बसल्या आहेत. त्यांनी समजूतदारपणे तिच्या टेबलावर दोन बोटं टेकवली, जशी आजारी माणसाच्या गादीवर टेकवतात, आणि ते आपल्या केबिनमध्ये गेले. दार लागल्यावर तिने श्वास सोडला. दाताची कड ढासळली.

तिला काहीही ठाऊक नव्हतं. नवी शाखा निघणार, गावाच्या दुसऱ्या टोकाला, मोठ्या दवाखान्याच्या समोर, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ती कोण चालवणार यावर जेवणाच्या सुट्टीत पैजा लागत होत्या. कवळ्या करणारा म्हातारा तर उघड म्हणायचा, "बाईंशिवाय आहे कोण इथं? मी जाऊ? माझा तर अर्धा जीव या प्लास्टरमध्ये गाडलाय." ती हसून विषय टाळायची. पण मालकांनी आपल्याला विचारलं आणि आपण नाही म्हणालो, ही बातमी तिला आत्ता, दुसऱ्याच्या तोंडून, सांत्वनासकट मिळत होती. नाही म्हणताना ती तिथं हजरच नव्हती. आणि तरीही तिने मान हलवली. का? तर बाहेरच्या माणसापुढं, नवऱ्याने आपल्याला न सांगता आपलं उत्तर देऊन टाकलं, हे उघडं पडायला नको म्हणून. म्हणजे त्याची लाज हिने झाकली. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ती अशी एकदम जात नाही. आधी पोटरीत रेंगाळते, मग कानाच्या पाळ्या तापतात. तिला प्रत्येक पायरी कळत होती. टिश्यूने पाणी टिपून तिने तो दात पुसून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून पावडर कालवायला घेतली.

"काय म्हणत होते मालक?" शेजारच्या टेबलावरून धाकटीने विचारलं. ती खरं तर धाकटी राहिली नव्हती, दोन मुलांची आई होती, पण लॅबमध्ये आली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून तेच नाव चिकटलेलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? तुमचं तोंड पांढरं पडलंय."

"पावडर उडाली असेल."

"बाई, पावडर मी पण रोज खाते, माझं नाही पडत पांढरं," धाकटी म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खिदळली. ती धाकटीकडे बघत राहिली. या बिचारीलाही अजून माहीत नव्हतं. उद्या सकाळी हिला कुणाचं तरी सोडलेलं पान वाढलं जाणार, आणि हीसुद्धा ते कृतज्ञतेने घेणार. धाकटीचा राग करावा असं क्षणभर वाटलं, कारण ती जवळ होती, हाताशी होती. पण राग हा असा हाताशी असेल त्याच्यावर काढायची वस्तू नाही. तो ज्याचा त्याला नेऊन द्यायला लागतो.

ब्रशचं टोक ओलं करून ती थर चढवत गेली आणि डोक्यात एक रविवारची सकाळ थराथराने चढत गेली. ती न्हात होती. नळ बंद केला तेव्हा बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा फोनवरचा आवाज आला होता, तो त्याचा कामावरचा, लोणी लावलेला आवाज. "हो, हो. नाही, मी समजू शकतो. पण तिचा स्वभाव तसा आहे हो. ती नाही म्हणणार नाही तुम्हाला, आणि मग आतल्या आत कुढत बसेल." मग हसणं. टॉवेल गुंडाळून बाहेर येऊन तिने विचारलं होतं, कुणाचा फोन? तो म्हणाला होता, कामाचा. म्हणजे ते काम ती होती. तिच्याबद्दलचं बोलणं तिच्याच कानावर पडत होतं आणि शांपूच्या फेसात तिला वाटलं होतं, बिचारं कुणीतरी कुढत बसणारं, त्याच्या कचेरीतलं असेल. स्वतःचं वर्णन ऐकून माणसाला स्वतःची ओळख पटू नये, याच्यापेक्षा मोठा पुरावा तिला हवा होता कशाला? पण पुरावा कुणापुढं मांडणार? न्यायाधीश तोच, वकील तोच, आणि आरोपीच्या वतीने कबुलीजबाब देणाराही तोच.

तो टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात होता. दिवसभर लोक त्याच्यावर ओरडायचे आणि तो त्यांना शांत करायचा. वाईट काम नव्हतं, आणि तो त्यात तरबेज होता. ओरडणाऱ्याचा कोणता प्रकार आहे हे पहिल्या वाक्यात ओळखायचं, मग त्या प्रकाराला ठरलेलं बोलायचं. कंपनीने यासाठी एक शिकवणारा बोलावला होता. शिबिर इतकं गाजलं की पुढच्या वेळी नवरा-बायकोंना जोडीने बोलावलं. घर म्हणजे काय, असं त्या शिकवणाऱ्याने व्यासपीठावरून विचारलं होतं. गालाला चिकटवलेला माईक, सतत भिजलेलं स्मित, आणि हात असे पसरलेले की जणू हॉलमधल्या सगळ्यांना तो एकदम कवेत घेऊन वजन करणार आहे. घर म्हणजे चार गोष्टी: भिंत, खिडकी, दार, छप्पर. माणसंही चारच प्रकारची. खिडकी म्हणजे मोकळी, बोलकी. दार म्हणजे ठरवून टाकणारं, आपटणारं. छप्पर म्हणजे काळजी करणारं. आणि भिंत? भिंत सोसते. भिंतीला बदल नको असतो. भिंत बोलत नाही, तिला आपण समजून घ्यायचं असतं. कोण कुठल्या प्रकारातलं हे ठरवणारे प्रश्न आधीच मोबाइलवर आले होते. त्यांची उत्तरं तिने दिलीच नव्हती. ‘तुझंही मी भरून टाकलं, तुला कंटाळा येतो ना,’ असं तो म्हणाला होता, आणि ती ‘बरं केलंस’ म्हणाली होती. हॉलच्या दारात एका मुलीने तिच्या छातीवर राखाडी रंगाचं गोल लेबल चिकटवलं. त्याच्या छातीवर निळं. "खिडकी आणि भिंत!" शिकवणारा आनंदाने ओरडला, "भिंत नसेल तर खिडकी बसवायची कुठं?" टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. आता ब्रश फिरवता फिरवता तिला त्या टाळ्यांचा राग आला, त्या हॉलमधल्या सगळ्यांच्या टाळ्यांपेक्षा स्वतःच्या दोन तळव्यांच्या टाळीचा जास्त. इतकी माणसं एका जागी बसून स्वतःला विटा आणि पत्रे म्हणवून घेतात आणि खूश होऊन घरी जातात! एकालाही उठून विचारावंसं वाटलं नाही की अरे, घरात राहणारी माणसं कुठं गेली?

त्या दिवसापासून घरात एक तिसरं माणूस राहायला आलं. तिच्या अंगावरचं लेबल केव्हाच निघून कचऱ्यात गेलं, पण त्याच्या डोळ्यांत ते चिकटून बसलं. ती पंखा बंद कर म्हणाली की ‘भिंतीलाही थंडी वाजते?’ म्हणून तो हसायचा. चार दिवस गप्प राहिली की समजूतदारपणे गप्प राहायचा. एखाद्या दिवशी फार बोलली की म्हणायचा, "आज भिंतीला खिडकी पडली वाटतं!" त्याच्या बहिणीला त्याने फोनवर सगळं समजावून सांगितलं, आणि ती पुढच्या वेळी आली तेव्हा दारातूनच म्हणाली, "वहिनी, तुम्ही भिंत निघालात म्हणे. सुटलात! आमच्याकडे दोन्ही दारं आहेत, दिवसभर आपटतोय." सगळे पोट धरून हसले. नणंद वाईट नव्हती, विनोद तर झकासच होता. तीही हसली. तिच्या आयुष्यातली निम्मी फसवणूक ती स्वतः हसत असताना झाली होती.

आणि खरी गोम वेगळीच होती. ती तिला धाकटीलाही सांगता आली नसती. दाताची छटा जुळवायला एक पट्टी असते, तिच्यावर मोजके नमुने असतात, पिवळसर, करडे, तांबूस. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडापाशी पट्टी धरतो आणि एक आकडा लिहून पाठवतो. नवशिके म्हणतात, असं कसं, प्रत्येकाचा दात वेगळा! पण ती इतकी वर्षं हे काम करत होती आणि तिला माहीत होतं की बहुतेक तोंडं त्या पट्टीत बसतात. मुकाट्याने बसतात. तिने पट्टीवरून केलेले दात लोक तोंडात घालून हसतात, जेवतात, लग्नं करतात, आणि कुणाला काही कळत नाही. मग माणसांचे चारच प्रकार असले तर? तो चुकत नसेल तर? आपण खरंच सोसतो, खरंच बोलत नाही, मालकांपुढं आत्ताच मान हलवली ती भिंतीसारखीच हलवली, नव्हे, भिंत तेवढीही हलत नाही. या विचाराने तिच्या हातातला ब्रश थांबला. कुणी आपल्याबद्दल खोटं बोललं तर माणूस भांडतो. पण कुणी अर्धवट खरं बोललं, आणि त्या अर्धवट खऱ्यावर आपलं अख्खं आयुष्य परस्पर उरकून टाकलं, तर कुठल्या तोंडाने भांडायचं? तिला हा अपमान नीट पकडता येत नव्हता. तो बोटांतून सुटत होता, आणि म्हणून जास्त झोंबत होता.

कारण तो नवाही नव्हता. तिच्या आईनेही तिला कधी काही विचारलं नव्हतं. "हिचं काही म्हणणं नसतं," असं आई पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, जसं एखाद्या भांड्याबद्दल सांगावं की यात ताकसुद्धा कळकत नाही. एकदा शेजाऱ्यांच्या गाडीतून सगळे समुद्रावर निघाले आणि जागा एक कमी पडली. भाऊ हट्टी, बहीण रडकी. आई गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "ती राहील. तिला घरीच बरं वाटतं." ती राहिली. कपड्यांच्या कपाटात शिरून, भावाच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून रडली, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. मग भूक लागली, मग बाहेर येऊन पाव खाल्ला, मग खरंच बरं वाटलं. हेच तर. रडून झाल्यावर बरं वाटलं. संध्याकाळी वाळूने भरलेले पाय घेऊन ते सगळे आले तेव्हा ती खिडकीत बसली होती, आणि आई म्हणाली, "बघा, म्हटलं नव्हतं?" एका जागेची अडचण होती. ती सुटावी म्हणून तिला एक स्वभाव देण्यात आला. आणि दिलेला स्वभाव माणूस वापरतो, कपड्यासारखा, काही वर्षांनी तो अंगाला बसतो. मग लोक म्हणतात, किती शोभतो तिला!

नवरा मात्र मुळात तसा नव्हता, हे तिला आठवत होतं आणि ते आठवणं सगळ्यांत वाईट होतं. लग्न झालं तेव्हा त्याला तिच्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो विचारायचा. तुला उशी जाड लागते की पातळ? चहात साखर आधी की नंतर? भाड्याच्या खोलीच्या शोधात ते दोघं एका अनोळखी वस्तीत भर उन्हात चुकले होते, आणि प्रत्येक कोपऱ्यावर थांबून तो विचारत होता, रागावलीस का? ती नाही म्हणायची. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा, रागावलीस का गं? शेवटी ती ओरडली, "आता रागावले!" आणि दोघं एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले होते. अवघड गणित सोडवणाऱ्या पोरासारखा तो तेव्हा तिच्या तोंडाकडे बघायचा. ते बघणं म्हणजेच प्रेम असं तिने कधी म्हटलं नव्हतं, पण तिला ते हवं असायचं. आता तो बघत नाही. आता त्याला उत्तर पाठ आहे. पूर्वी ‘काय झालं?’ म्हणणारा माणूस हल्ली म्हणतो, ‘मला माहितीये काय झालं ते.’ लोक म्हणतात, असा समजून घेणारा नवरा मिळायला नशीब लागतं. समजून घेतलं म्हणजे काय केलं? बघायचं थांबवलं. एकदा समजून घेऊन मोकळा झाला, गॅसची नोंदणी करून मोकळं व्हावं तसा.

ती घरी पोचली तेव्हा तो इस्त्री करत होता. स्वतःचे शर्ट झाले होते, तिचे चालू होते. घरातलं काम तो करायचा, न सांगता करायचा, आणि तिच्या मैत्रिणी त्याचं नाव काढायच्या. खोलीत गरम कापडाचा वास होता. तिने चपला काढल्या नाहीत.

"मालकांशी तू काय बोललास?"

त्याने इस्त्री उभी केली. "अच्छा. ते."

"ते म्हणजे काय?"

"तू बस आधी. पाणी आणू?"

"पाणी नको. काय बोललास?"

"मला समजतंय तुला काय वाटत असेल ते."

"काय वाटतंय मला? सांग."

"तुला डावललं गेल्यासारखं वाटतंय," तो शांतपणे म्हणाला.

बरोबर होतं. तिला थोबाडीत बसल्यासारखं झालं. एखाद्या अनोळखी ग्राहकाला म्हणावं तशा आवाजात, शिकवलेल्या ओळीतून, त्याने नेमकं तेच उचलून तिच्या पुढ्यात ठेवलं होतं, आणि ठेवताक्षणी ते तिचं उरलं नव्हतं.

"बघ," तो म्हणाला, "ते मला म्हणाले, बाईंना विचारू का. मी म्हटलं, विचारू नका. तू भिडेखातर हो म्हणाली असतीस. नवी जागा, नवी माणसं, रोज डॉक्टरांशी वाद. तुला ते झेपत नाही असं मी म्हटलंच नाही. तुला ते आवडणार नाही असं म्हटलं. घर बदललं तेव्हा काय झालं होतं आठवतंय? महिनाभर तुला धड झोप नव्हती."

"घर बदललं म्हणून नव्हती."

"मग?"

"मला न विचारता बदललं म्हणून नव्हती. तू बयाणा देऊन आलास आणि मग मला जागा दाखवायला नेलंस."

तो थांबला. क्षणभर त्याच्या कपाळावर आठी आली, आणि तिला वाटलं, आता. आता हा विचारेल. पण आठी विरघळली आणि तिच्या जागी ती ओळखीची, ओलसर समजूत आली. "हे तू तेव्हाच बोलायला हवं होतंस. पण तुझं हे असंच आहे ना. हा जो राग आहे, हा अगदी भिंतीचा राग आहे. उशिरा येतो, साठून येतो, आणि—"

"पुढं बोललास तर ही इस्त्री त्या काचेतून बाहेर जाईल."

"अगं!"

"भिंत गेली खड्ड्यात! तुझा तो तोंडाला माईक लावलेला गवंडीही गेला खड्ड्यात. माझी उत्तरं कुणी भरली होती? तू. माझ्याबद्दल तुला काय वाटतं ते तू भरलंस, आणि मशीनने तुला तेच परत सांगितलं, आणि तू टाळ्या वाजवल्यास की वा, किती अचूक! स्वतःचाच आवाज ऐकून खूश झालास."

"तू म्हणाली होतीस, बरं केलंस."

"म्हणाले होते. चुकलं."

"मी तुझ्या भल्यासाठीच—"

"मी ती जागा बघून आले होते," ती म्हणाली.

"कुठली?"

"नव्या शाखेची. सुट्टीच्या दिवशी. भाजीला जाते सांगून बस धरून गेले. बंद होती, काचेला नाक लावून बघितलं. उत्तरेकडून उजेड येतो तिथं. सकाळी छटा बघायला असा उजेड मिळायला नशीब लागतं."

त्याने शर्टाची बाही हातात धरली होती, ती तशीच राहिली. "मला सांगितलं नाहीस."

"तुला सगळं माहीत असतं ना."

ती खुर्चीवर बसली, आणि बसल्यावर तिला दिसलं की सापळा तसाच आहे. ओरडलं तर भिंतीचा राग. रडलं तर भिंतीला ओल. गप्प बसलं तर प्रश्नच नाही. आत्ता उठून मालकांना फोन करून हो म्हटलं, तर ते हो याला खोटं पाडण्यासाठी. नाही म्हटलं, तर ते नाही याने आधीच म्हणून ठेवलेलं. हो आणि नाही ही दोनच तर उत्तरं जगात, आणि हा माणूस दोन्ही उष्टी करून बसला होता. नोकरीतली जागा एक वेळ गेली तर गेली, धाकटीही काम चांगलं करते. पण तिला खरंच हवी होती का ती जागा? काचेला नाक लावून उभी असताना पोटात जे हललं ती हौस होती की भीती? कदाचित आठवडाभर कूस बदलत, चिडचिड करत, याच्याशीच बोलत बोलत तिने ते शोधलं असतं. नाहीसुद्धा म्हणाली असती. पण तो आठवडा तिचा होता! न ठरवता राहण्याचा, ठरवून मोडण्याचा, एका दिवसात चार वेळा मन बदलण्याचा तो आठवडा त्याने तिच्या खिशातून काढून घेतला होता, आणि वर तिच्या शर्टांना इस्त्री करत होता.

तिने पर्समधून फोन काढला.

"आत्ता?" तो म्हणाला. "थोडी शांत हो, मग कर. नाहीतर मी बोलतो त्यांच्याशी. मी सांगतो, माझा गैरसमज झाला."

"तू एक शब्द बोलणार नाहीस."

मालकांनी लगेच उचलला. मागे लॅबच्या कॉम्प्रेसरची घरघर होती. "बोला बाई. काय झालं?"

"मला नव्या शाखेबद्दल कुणी विचारलेलं नाही," ती म्हणाली. आवाज कापत होता, तिने तो कापू दिला. "दुपारी मी मान हलवली ती खोटी होती. मला काही माहीत नव्हतं."

पलीकडे मालकांचं घसा खाकरणं. "पण तुमचे मिस्टर म्हणाले—"

"ते माझ्याकडे कामाला नाहीत, आणि मी त्यांच्याकडे नाही. तुम्ही मला विचारा."

"बरं. चुकलं माझंही. मी अजून धाकटीशी बोललेलो नाही," मालक म्हणाले, आणि मग जरा औपचारिकपणे, वेगळ्याच आवाजात, "बाई, नवी शाखा तुम्ही बघाल का?"

प्रश्न खोलीत येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तिला असा सरळ, मोकळा, मागेपुढे काही न चिकटलेला प्रश्न कुणी विचारला नव्हता. तिने तोंड उघडलं. उत्तर नव्हतं. टेबलापाशी तो उभा होता, मान किंचित कललेली, आणि त्याच्या डोळ्यांत दया दाटत चालली होती. बघ, म्हटलं नव्हतं? तिने त्याच्याकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड झालं म्हणून खिडकीकडे वळली, मग तेही सोडून दिलं आणि कुठंही न बघता उभी राहिली.

"तिथं भट्टी कुठली घेताय?" तिने विचारलं.

"अं? इथली जुनी तिकडं हलवायची, इथं नवी घ्यायची असं चाललंय."

"जुनी तिकडं चालणार नाही. ती आत्ताच तापमान धरत नाही, प्रवासात आणखी बिघडेल. पहिल्याच महिन्यात दात तडकायला लागले तर दवाखाना परत दारात उभं करणार नाही."

"हां. हे खरं."

"प्लास्टरचं काम कोण करणार? मला म्हातारेबाबा लागतील, आठवड्यातून तीन दिवस तरी. आणि छटा बघायला मी स्वतः पेशंटपाशी जाणार. आकड्यावर काम घेणार नाही. डॉक्टरांना चालेल का ते?"

"एक डॉक्टर कटकट करेल," मालक म्हणाले आणि हसले. "तो तुम्हाला माहितीये."

"त्याला मी बघते. म्हणजे, मी आले तर." तिच्या कानाची पाळी फोनखाली घामेजली होती. ती प्रश्न विचारत गेली, पगाराचा, सुट्टीचा, किल्ली कुणाकडे राहणार याचा, पडदे लावू नका म्हणून सांगितलं, आणि बोलता बोलता एका क्षणी तिच्या लक्षात आलं की आपण त्याला विसरलो होतो. खोटं पाडायलाही तो आठवला नव्हता. ती एका रिकाम्या खोलीत होती आणि टेबलं कुठं मांडायची ते बघत होती, आणि पोटात हौस आणि भीती एकाच ताटात जेवत होत्या.

"मग काय समजू मी?" मालकांनी विचारलं.

"आत्ता काही समजू नका. मला विचार करायचाय. शनिवारी मी तुम्हाला सांगते. मी. तोवर धाकटीला काही बोलू नका, आणि शनिवारी मी नाही म्हणाले तर तिलाही नीट विचारा, उरलंसुरलं दिल्यासारखं नको."

"बरं बाई."

तिने फोन ठेवला. बाहेर कुणीतरी जिना चढत होतं, चाव्या वाजत होत्या. तो अजून तिथंच उभा होता, हातात तिचा अर्धवट इस्त्री झालेला शर्ट. त्याने काहीतरी म्हणायला सुरुवात केली, थांबला. पुन्हा सुरुवात केली. "म्हणजे... तू घेणारेस?"

ती चपला काढत होती. तिने मान वर केली. त्याची मान आता सरळ होती. त्याच्या तोंडावर समजूत नव्हती, दया नव्हती, ओठांवर तयार वाक्य नव्हतं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर, ओठांवर, परत डोळ्यांवर, आणि तिथं त्याला काही वाचता येत नव्हतं.

"सांग ना," तो म्हणाला. "काय ठरवणारेस?"

तिला त्याची कीव आली, आणि जुनी सवय उसळून वर आली की सांगून टाकावं काहीतरी, सोडवावं बिचाऱ्याला. तिने चपला भिंतीशी सरकवल्या.

"मलाही माहीत नाही अजून," ती म्हणाली, आणि त्याला तसंच बघत ठेवून हातपाय धुवायला आत गेली.